बार्शी लाइटचे रूळ टेबलावर

बार्शी लाइट रेल्वे इ. स. १८९७ मध्यें सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें तिचे रूळ अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतरानें मांडले आणि कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं दिला नाहीं. त्या जागीं आतां रुंदमापी रूळ आहेत. ती जुनी गाडी घरांतल्या टेबलावर पुन्हां चालविण्याची हौस ज्यांना असेल, त्यांनीं इंजिनाच्या आधीं रूळ निवडावे, असें माझें सांगणें आहे.

प्रतिकृतीचें एक प्रचलित प्रमाण मुळाच्या ८७ व्या भागाचें. त्या हिशेबानें ७६२ चे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि बाजारांत ९ मिलिमीटरांचा रूळ तयार मिळतो. मात्र दाट, बारीक स्लीपरांचा घेऊं नये. तो याहून लहान प्रमाणाच्या मोठ्या रेल्वेसाठीं असतो. जाड व विरळ स्लीपरांचा मागावा.

खरी अडचण कुर्डुवाडीस येते. तेथें मोठी गाडी व लहान गाडी शेजारीं उभ्या राहत. मोठ्या लाइनीचें माप १६७६ मिलिमीटर. प्रतिकृतींत तें सव्वाएकोणीस हवें. तयार रूळ मिळतो साडेसोळांचा, कारण तो युरोप-अमेरिकेंतील १४३५ च्या मापासाठीं केलेला. मुळांत मोठें माप लहानाच्या दुपटीहून अधिक. टेबलावर तें दुप्पटहि भरत नाहीं. कुर्डुवाडीची सारी गंमत त्या विषमतेंतच होती! तेव्हां मोठे रूळ स्वतः हातानें मांडावे, नाहीं तर मधलें एखादें लहान स्टेशन घ्यावें. मी दुसरें सुचवीन. (पंढरपुराचा मोह अनेकांस होईल, वारीची गाडी कोणाला नको? पण तेवढी जागा घरांत कोठून आणावयाची?)

पैसा खर्चावयाचा तो सांध्यांवर. दोन रूळ जेथें एकमेकांस छेदतात, तो तुकडा स्वस्त सांध्यांत प्लास्टिकचा असतो. त्यांत वीज नसते, आणि सावकाश चालणारें लहान इंजिन नेमकें तेथेंच अडून बसतें. तो तुकडा धातूचा असावा, आणि सांधा बदलतांच त्यांतील विजेची बाजूहि बदलावी. शिवाय, लीड्सच्या किटसन कंपनीनें या लाइनीसाठीं बांधलेल्या पहिल्या इंजिनांस आठ जोडचाकें होतीं. आखूड, तीव्र वळणाच्या सांध्यावर तीं रखडतात. जागा अपुरी असेल तर सांधे आखूड न घेतां त्यांची संख्या कमी करावी. मधल्या स्टेशनांत गाड्यांच्या अदलाबदलीला दोन पुरतात. त्यांचे कागदी नमुने टेबलावर मांडून, सर्वांत लांब गाडी दोहोंमध्यें मावते कीं नाहीं तें पाहावें. खिळे मग ठोकावे.