धडधड आजची, डोस सहा आठवड्यांचा



कौटुंबिक डॉक्टरांच्या संमेलनात अध्यक्षाने आरोग्यधोरण, विमा, औषधांच्या किमती अशा मोठ्या विषयांवर बोलावे अशी रीत आहे. आज मी मात्र एकाच तक्रारीवर बोलणार आहे. ती आपल्या दवाखान्यात वरचेवर येते आणि बहुतेकदा दोन मिनिटांत निकालात निघते: थायरॉइडच्या गोळीची पॉवर बदलली आणि तेव्हापासून छातीत धडधडतंय. विषय लहान वाटेल, पण त्याचा पसारा लहान नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह देशातल्या आठ शहरांच्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम आढळला होता. ही माणसे वर्षानुवर्षे गोळी घेतात, त्यांचा डोस अधूनमधून बदलतो आणि धडधडले की ती आधी आपल्याकडे येतात. माझे म्हणणे असे आहे की नाडीचे काय ते आजच्या आज ठरवायचे आणि डोसाचे काय ते सहा आठवड्यांनी. आपल्या हातून नेमके उलटे होते. नाडी पाहायची राहते आणि डोस तेवढा आज बदलला जातो.

यामागचे औषधशास्त्र आपण सगळे शिकलो आहोत, फक्त गर्दीच्या वेळी ते आठवत नाही. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे. रोजची गोळी रक्तातल्या मोठ्या साठ्यात थोडीशी भर घालते. भरल्या विहिरीत एक दिवस दोन घागरी जास्त ओतल्या किंवा ओतल्या नाहीत, तरी पाण्याची पातळी दिसण्याइतकी हलत नाही, तसेच हे आहे. डोस ५०वरून ७५ मायक्रोग्रॅम केला, तर आठवड्याने त्या वाढीचा निम्मा परिणाम रक्तात उतरतो आणि पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पिट्युटरी ग्रंथी त्याहून सावकाश जुळवून घेते, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचे. आता आपल्याकडे काय घडते पाहा. डोस वाढल्यावर दहाव्या दिवशी धडधडीची तक्रार येते, आपण टीएसएच लिहितो, अर्ध्या वाटेवरचा आकडा हाती येतो आणि त्या आकड्यावर डोस खाली येतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते, तोवर टीएसएच चढलेले असते, डोस पुन्हा वर जातो. रुग्णाचे सहा महिने या हेलकाव्यांत जातात आणि तिच्या मनात कायमचे बसते की ही गोळी आपल्याला सोसत नाही. आदल्या दिवशी वाढवलेल्या २५ मायक्रोग्रॅमने आज छाती धडधडली, हे म्हणणे बहुतेक वेळा औषधाच्या गतीशीच जुळत नाही. म्हणून ती धडधड खोटी ठरत नाही. तिचे कारण दुसरीकडे शोधायला हवे, एवढाच याचा अर्थ.

कधीकधी ते कारण बरे होण्यातच असते. थायरॉइडचे संप्रेरक हृदयाच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांचे काम बदलते. कॅल्शियम आत ओढून घेणारी प्रथिने वाढतात, स्पंदनाची गती ठरवणाऱ्या पेशी जलद होतात, बीटा ग्राहींची संख्या वाढते, हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात. संप्रेरक कमी असताना हे सगळे मंदावलेले असते. दोन-तीन वर्षे मिनिटाला ५४ ठोक्यांवर राहिलेल्या बाईंची नाडी ७८ झाली, तर आपल्या लेखी ती अगदी प्राकृत नाडी. पण रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर त्यांना ठोका कानात ऐकू येतो आणि त्या घाबरतात. डोस सुरू करतानाच हे त्यांना सांगून ठेवले असते, तर महिन्याभराने त्या गोळी बंद करून आल्या नसत्या. मात्र हे सांगण्याचा हक्क नाडी मोजलेल्या डॉक्टरलाच आहे. न मोजता ‘होतं असं, काळजी करू नका’ म्हणणे हा धीर देणे नव्हे.

आज ठरवायचे म्हणजे काय, हे नीट सांगितले पाहिजे, कारण इथेच जिवाचा प्रश्न असतो. मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की आकडा मिळतो, ताल निसटतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही आकडाच दाखवते. धडधड कशी होते ते रुग्णाला टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगावे. एकसारखे जलद वाजवले, मध्येच एखादा ठोका गाळून पुढचा जोरात वाजवला, की कसलाच मेळ नसलेले वाजवले, यावरून बरेच कळते. शेवटचा प्रकार असेल, विशेषतः साठीपुढच्या माणसात, तर त्याच दिवशी ईसीजी. ही भीती पोकळ नाही. फ्रॅमिंगहॅम अभ्यासाच्या १९९४ साली आलेल्या अहवालात साठ आणि त्यापुढच्या वयाच्या दोन हजार माणसांची दहा वर्षांची नोंद आहे. ज्यांचे टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होते, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन झाले. ज्यांचे टीएसएच प्राकृत होते, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते. फिब्रिलेशन म्हणजे हृदयात गुठळी, आणि गुठळी म्हणजे पक्षाघाताची टांगती तलवार. धडधडीबरोबर छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, बसल्या जागी धाप, आधीचा हृदयविकार किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू, यातले काहीही असेल तर सहा आठवड्यांचा हिशेब बाजूला ठेवायचा आणि रुग्णाला लगेच पुढे पाठवायचे.

नाडी नियमित असेल, ईसीजी स्वच्छ असेल, तर पुढचा प्रश्न गोळीचा नाही, गोळीच्या आजूबाजूचा आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५४ टक्के आला. थायरॉइडचे बहुसंख्य रुग्णही स्त्रियाच. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईची धडधड आपण मायक्रोग्रॅममध्ये शोधत बसतो, याचे मला दुःख होते. शिवाय रक्तक्षयाचा उपचार या गोळीच्या वाटेत आडवा येतो. समजा, एखाद्या बाई सकाळी सहाला थायरॉइडची गोळी घेतात आणि सात वाजता नाश्त्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली लोहाची गोळी. लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवते. टीएसएच नऊवर जाते, आपण ७५चे १०० करतो. तीन महिन्यांनी लोहाचा कोर्स संपतो आणि १०० मायक्रोग्रॅम प्रथमच पुरते शोषले जाऊ लागते. महिना-दीड महिन्याने धडधड सुरू होते. मधल्या काळात डोस कोणीच बदललेला नसतो, त्यामुळे आपण चक्रावतो. लोह आणि कॅल्शियम गोळीपासून चार तास लांब ठेवा, एवढे एक वाक्य सांगितले असते तर ही सगळी साखळी टळली असती.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. थायरॉइड कमी असले की केस गळतात, केस गळले की बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्या डॉक्टरला न विचारताच घेतल्या जातात. अनेक लॅबमधल्या तपासणीच्या रसायनांत बायोटिनवर आधारलेली पद्धत असते. रक्तात बायोटिन जास्त असले तर टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी-४ खोटे जास्त दिसते. रुग्णाला धडधड आणि रिपोर्टात डोस जास्त, असे चित्र इतके जुळून येते की कोणीही डोस कमी करील. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगितल्याशिवाय अशा रिपोर्टावर विश्वास ठेवू नये. त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळीही रक्त दिल्यानंतर घ्यायला सांगावी, कारण गोळीनंतरचे काही तास फ्री टी-४ वर गेलेले असते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वात रास्त आक्षेप असा की धडधडीने रात्रभर जागलेल्या माणसाला सहा आठवडे थांब म्हणणे निर्दयपणाचे आहे. थांबायचे ते डोसासाठी, त्रासासाठी नव्हे. दमा नाही आणि नाडी मुळात मंद नाही याची खात्री करून प्रोप्रानोलॉलचा लहान डोस काही आठवडे देता येतो. चहा-कॉफी कमी करणे, सर्दीच्या औषधातले नाक मोकळे करणारे घटक आणि दम्याचा पंप यांची चौकशी करणे, हे त्याच दिवशी होते. बीटा ब्लॉकरने खरा अतिडोस झाकला जाईल, ही शंका बरोबर आहे. म्हणूनच तो देताना टीएसएचची तारीख आधी ठरवायची. काही रुग्णांचा डोस मात्र आजच उतरवावा लागतो, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. अंजायना उफाळला, फिब्रिलेशन सापडले, योग्य वेळी केलेले टीएसएच ०.१च्या खाली निघाले, किंवा किलोमागे १.६ मायक्रोग्रॅमच्या हिशेबापेक्षा डोस फारच पुढे गेला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. घरातल्या बाटल्याही दवाखान्यात आणायला सांगाव्यात. आपण ७५ लिहितो आणि जुन्या ५०च्या बाटलीत गोळ्या उरल्या म्हणून दोन्ही चालू राहतात, तेव्हा १२५ पोटात जात असतात आणि ते कोणत्याही रिपोर्टात लिहिलेले नसते.

दुसरा आक्षेप असा की शंका असेल तर डोस कमी ठेवलेला बरा. या सावधगिरीला इतिहासाचा आधार आहे, हे खरे. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पहिला रुग्ण बरा केला. त्यानंतर कित्येक दशके डोस लक्षणांच्या अंदाजानेच ठरत असे. टीएसएचची मोजणी रुळल्यावर दिसले की रोज २०० मायक्रोग्रॅम आणि त्याहून अधिक घेणाऱ्या अनेकांना ते जास्त होत होते. त्या काळची धडधड खरोखर गोळीचीच असे. पण कमी डोसही हृदयाला सोडत नाही. कोलेस्टेरॉल चढते, खालचा रक्तदाब वाढतो, आजार फार लांबला तर हृदयावरणात पाणी साचते. गर्भवतीच्या बाबतीत तर हा आक्षेप धोकादायकच ठरतो. गर्भारपणात नाडी आपोआप वाढते, धडधड जाणवते, आणि नेमक्या त्याच काळात थायरॉक्सिनची गरज पाव हिश्श्याने किंवा त्याहून अधिक वाढलेली असते. अशा वेळी धडधडीच्या नावाखाली गोळी कमी केली, तर पहिल्या तिमाहीत आईच्याच संप्रेरकावर वाढणाऱ्या गर्भाचे नुकसान होते.

या आक्षेपातला एक भाग मात्र मला पुरता पटतो, आणि तो वृद्धांविषयीचा आहे. सत्तरीच्या माणसाचे टीएसएच वयाबरोबर थोडे वर सरकतेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत सौम्य स्वरूपाचा हायपोथायरॉइडिझम असलेल्या सातशेहून अधिक वृद्धांना थायरॉक्सिन किंवा नुसती बनावट गोळी दिली गेली. वर्षभरानंतर लक्षणांत फरक दिसला नाही. टीएसएच साडेसहा आले म्हणून सुरू केलेल्या गोळीने आजोबांना धडधडत असेल, तर डोस किती हा प्रश्न विचारण्याआधी ही गोळी हवीच का, हे विचारायला हवे. आणि ज्यांना ती खरोखर हवी आहे, पण हृदयही नाजूक आहे, त्यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून सहा-आठ आठवड्यांच्या पायऱ्यांनीच वर न्यावे. उलट, निरोगी हृदयाच्या तिशीतल्या रुग्णाला असे रेंगाळत नेण्याची गरज नसते. कर्करोगासाठी थायरॉइड काढलेल्या काही रुग्णांचे टीएसएच मुद्दाम कमी ठेवलेले असते. त्यांची धडधड ऐकून परस्पर डोस कमी करू नये. त्यांचे टीएसएच किती ठेवायचे हे शल्यविशारदाला किंवा अंतःस्रावतज्ज्ञाला विचारून आपल्या कागदावर लिहून घ्यावे.

वेळ नाही, हा तिसरा आक्षेप. साठ रुग्णांच्या ओपीडीत एकाला पाच मिनिटे कुठून द्यायची? मला वाटते, हा हिशेब एका भेटीचा न मांडता सहा महिन्यांचा मांडावा. हेलकाव्यांत सापडलेला रुग्ण त्या काळात पाच-सहा वेळा येतो, तीन-चार वेळा रक्त देतो, मध्येच दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मजुरी बुडवून तालुक्याच्या लॅबपर्यंत जाणाऱ्या बाईला त्यातली प्रत्येक फेरी महागात पडते. पहिल्या दिवशीच्या पाच मिनिटांत यातले बरेच वाचते.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे. थायरॉक्सिनचा डोस बदलताना प्रत्येक सदस्याने चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: त्या दिवशीची पूर्ण मिनिटाची नाडी आणि तिचा ताल, डोस बदलल्याची तारीख, पुढच्या टीएसएचची तारीख, आणि चालू असलेली लोह, कॅल्शियम, बायोटिनसारखी इतर औषधे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, कोणती लक्षणे दिसली तर तारखेची वाट न पाहता यायचे, ते मराठीत मोठ्या अक्षरांत छापलेले असावे. मजकुराचा मसुदा आपल्या पिशवीत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या सदस्यांनी आधी बोलावे अशी माझी विनंती आहे, कारण त्याच दिवशी ईसीजी मिळत नसेल तर काय करायचे, हे मसुद्यात अजून पुरेसे आलेले नाही.