मोटारींतील कवच आणि चालकाचें अवधान



मागें एकदां गिरगांवाहून दादरला जावयाचें म्हणून मी भाच्याच्या मोटारींत मागच्या आसनावर जाऊन बसलों. तो म्हणाला, "मामा, पट्टा लावा." मीं हंसून उत्तर दिलें, "अरे, मागें बसणाऱ्याला कसला पट्टा?" तो कांहीं बोलला नाहीं, पण मीं पट्टा लावीपर्यंत त्यानें मोटार जागची हलविली नाहीं. जन्मभर मुलांस गणित शिकविणाऱ्या मास्तराला त्या दिवशीं धडा मिळाला.

त्याच गणिताची आज उजळणी करूं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. समोरचें संकट पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. वेग दुप्पट झाला, कीं आघाताचें बळ चौपट होतें. मोटार आदळून थांबते. आंतील शरीर मात्र त्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें. त्याला आवरतो तो पट्टा. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आजचा पट्टा स्वीडनमधील नील्स बोलिन या यंत्रज्ञानें १९५९ सालीं व्होल्व्हो मोटारींसाठीं सिद्ध केला. हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, ही त्याची जोडीदार आहे. ती त्याची जागा घेऊं शकत नाहीं. ए.बी.एस. ही योजना चाकें अडकूं देत नाहीं, म्हणून जोरानें ब्रेक दाबूनही मोटार वळवितां येते. तथापि पावसांत हिंदमात्याच्या ओल्या रस्त्यावर थांबावयास अंतर लागतेंच.

४ सप्टेंबर २०२२ रोजीं उद्योगपति सायरस मिस्त्री गुजरातेंतून मुंबईस परतत असतां पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्यास धडकली. पुढें बसलेलीं दोघें जबर जखमी होऊनही वांचलीं; मागें बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मृत्यु पावले. त्या दोघांनीं पट्टे लावले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. मागच्या प्रवाशांसाठीं नियम पूर्वींच होता. त्या दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनीं १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याच्या सक्तीची घोषणा केली. ज्ञान पुस्तकांत राहिलें, तर तें विद्यार्थ्याच्या काय कामाचें? न लावलेल्या पट्ट्याचेंही तसेंच आहे.

परंतु पट्टा लावला म्हणजे कर्तव्य संपलें, असें मात्र समजूं नये. हीं सारीं साधनें मुख्यतः मोटारींत बसलेल्यांचें रक्षण करतात. लालबागच्या चाळींतून चेंडूमागें धांवत सुटणाऱ्या मुलाला पट्टा नाहीं. परळच्या इस्पितळांत डबा घेऊन निघालेल्या म्हातारीपुढें हवेची पिशवी नाहीं. त्यांचें कवच एकच: चालकाचा आवरलेला वेग, रस्त्यावर खिळलेली नजर आणि खिशांत मुकाट ठेवलेला फोन.

त्या दिवशीं लालबागच्या बाजारांत एक वृद्ध बाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडीत होत्या. मागून भोंगे वाजूं लागले. भाचा भोंगा न वाजवितां थांबला, त्या पलीकडे पोंचल्या आणि मगच आमची मोटार निघाली. पट्ट्यानें माझी काळजी घेतली होती. त्यांची काळजी माझ्या भाच्यानें घेतली. सुरक्षित मोटार म्हणावयाची ती हीच.