इंदापूरच्या रस्त्यावर थांबलेला आवाज



२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात शाहीर अमर शेख गेले. बारामती-इंदापूरच्या आपल्या पिढीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ चा, बार्शीचा. गाण्याचा वारसा आई मुनेरबींकडून आला. जात्यावरच्या ओव्या मुसलमान घरातही होत्या, त्या मराठीतच होत्या. मेहबूबनं गाडीवर क्लिनरचं काम केलं, गिरणीत काम केलं, संपात उतरला, तुरुंगात गेला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यानं लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग, एक मुसलमान, एक त्यांचा साथी. तिघांच्या हातात एकच डफ. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा पहाडी आवाज मैदानं भरून टाकायचा. १ मे १९६० ला राज्य मिळालं, त्यात या आवाजाचाही वाटा आहे.

ही परंपरा त्यांच्यापासून सुरू झाली नाही. पेशवाईच्या अखेरीस लावण्या-पोवाडे रचणारे सगनभाऊ जातीनं मुसलमान शिकलगार. त्यांचं नातं जेजुरीशी, म्हणजे आपल्या शेजारच्याच तालुक्याशी. त्याआधी बारामतीत मोरोपंत आर्या रचत होते, त्या कीर्तनकारांच्या तोंडी गावोगाव गेल्या. आजही आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरला येते, रिंगण होतं. रस्ता तोच, गाणारे वेगवेगळे.

मग आज कुणी विचारलं, ‘तुम्हाला मराठी एवढी चांगली कशी येते?’ तर काय करायचं? अमर शेखांचं नाव दाखला म्हणून पुढे करायचं? मला ते पटत नाही. दाखला परक्यानं द्यायचा असतो. शिवाय अमर शेख मुसलमानांची बाजू मांडायला उभे नव्हते, ते कष्टकऱ्यांसाठी गात होते. त्यांना फक्त ‘आपला माणूस’ करणं म्हणजे त्यांना लहान करणं. आणि त्यांचं मुसलमान असणं विसरणं हीसुद्धा अर्धीच आठवण.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून एक साधं काम सुचवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या खिशात फोन आहे. नानी-दादीला, खाला-फुफूला विचारा: लग्नात, हळदीत, पाळण्यावर काय गायचात? आधी त्यांची परवानगी घ्या. गाणं मधे न थांबवता पूर्ण रेकॉर्ड करा. फाइलला गाणारीचं नाव, गाव, तारीख द्या आणि ती दोन ठिकाणी जपून ठेवा. फोन हरवतो, माणूसही जातं.

उरुसात, जुलूसात, मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. छाती थरथरते, पण शब्द ऐकू येत नाहीत. अमर शेखांचा शब्द शेवटच्या रांगेतल्या मजुरापर्यंत पोचायचा. तो शब्द परत हवा असेल तर सुरुवात घरातून करावी लागेल. येत्या २९ ऑगस्टला इंदापुरात जमू. प्रत्येकानं घरातलं एक गाणं आणायचं.

जय महाराष्ट्र, जय संविधान.