न जुळणारे हाड आणि दिवसाचा एक मिलिमीटर



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जे घरात घडले ते आपणांपुढे ठेवतो.

जून 2006 मध्ये माझ्या धाकट्या बंधूंचा स्कूटरवर अपघात झाला. नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. एका रुग्णालयात पट्टी व स्क्रू बसविले. दोन महिन्यांत जखमेतून पू येऊ लागला. तेथे प्रत्येक वेळी गोळ्या बदलून मिळाल्या. आणि थोरला भाऊ म्हणून मीही 'भरेल हळूहळू' असे म्हणत दीड वर्ष घालविले. ती चूक माझी. शेवटी पाय गुडघ्याखाली काढण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा मी पुण्याच्या दुसऱ्या शल्यविशारदांकडे गेलो.

त्यांनी समजावले, ते असे. नडगीच्या पुढच्या अंगाला मांसाचे आवरण नसते, म्हणून तेथे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. मेलेल्या हाडावर व धातूच्या पट्टीवर जंतू चिकट थर करून बसतात. त्या थरात औषध पोहोचत नाही. म्हणून पट्टी काढावयाची, मेलेले हाड रक्त दिसेपर्यंत कापावयाचे आणि आतील नमुना तपासून त्याप्रमाणे प्रतिजैविके द्यावयाची. कुजलेल्या ताग्याचा भाग कापल्याशिवाय शिलाई टिकत नाही, हे मला लगेच पटले! पण आमच्या बाबतीत 6 सेंटिमीटर हाड गेले. ती पोकळी कशी भरणार?

याचे उत्तर सैबेरियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रिल इलिझारोव (1921-1992) यांनी दिले. त्यांनी 1950 च्या दशकात पायाभोवती धातूची कडी व हाडातून ताणलेल्या तारा अशी चौकट सिद्ध केली. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीतील विजेता वालेरी ब्रुमेल 1965 मध्ये मोटारसायकल अपघातात जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर 1968 मध्ये इलिझारोवांनी त्याचा पाय वाचविला. पश्चिम युरोपला ही पद्धत 1980 नंतर माहीत झाली.

निरोगी भागात हाडाचा नवा छेद घेतात. सुमारे आठवडाभर थांबून तो तुकडा रोज 1 मिलिमीटर, चार वेळा पाव-पाव, पोकळीकडे सरकवितात. मागे पडणाऱ्या फटीत शरीर स्वतःच नवे हाड तयार करते. घाई केली तर हाड धरत नाही, फार रेंगाळले तर वेळेआधीच जुळून बसते.

आमच्या घरी जानेवारी 2008 पासून पाना फिरविण्याचे काम धाकट्या सूनबाईंकडे होते. तारांभोवतीची जागा रोज स्वच्छ करावी लागे. तरी दोनदा ती चिघळली. रात्री बंधूंचे कण्हणे मला माडीवर ऐकू येई. घोट्याचा व्यायाम त्यांनी कंटाळून सोडला, त्याचे फळ आजही भोगतात. मीटरने कापड मोजणाऱ्या आम्हाला मिलिमीटरचे मोल तेव्हा कळले.

60 दिवसांनी तुकडा जागेवर पोहोचला. मात्र जेथे टोके भेटली तेथे कमरेचे हाड घेऊन रोपण करावे लागले आणि नवे हाड पक्के होईपर्यंत चौकट नोव्हेंबरपर्यंत राहिली. पाय किंचित आखूड झाला, घोटा पूर्ण वाकत नाही. चप्पलेस टाच लावून ते आजही दुकानात येतात.

सूनबाई प्रत्येक फेरीची खूण वहीत करीत. हिशेबाची सवय म्हणून मी त्या मोजल्या: 240. ती वही आमच्या रोजकीर्दीशेजारी आहे.