केसपेपर आजीचा, बोलणं मुलाशी
(अमरावतीच्या बैठकीतील भाषण)



अकोल्याच्या बैठकीत एका आजींनी कमरेच्या पिशवीतून केसपेपर काढला. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. बरं वाटलं तशा त्यांनी सोडल्या. "दुखून नाई राह्यलं, तं गोयी कायले खाऊ?" प्रश्न रास्तच. रक्तदाब बहुधा दुखत नाही, पण गोळी मनानं सोडली तर लकवा मारू शकतो, हे त्यांना कोण सांगणार? "डाक्टर पोराशीच बोलला."

चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आम्ही पाकिटावर सूर्य आणि चांदोबा काढून दिले. मग विचारलं, "आता सुनेला कसं सांगाल?" त्या जिथं अडल्या, तिथं आमचंच सांगणं कच्चं होतं. नुसतं 'समजलं का' विचारू नका. 'हो' म्हणायची सवय आपल्याला जन्माची!

मुलाला सांगितलं म्हणजे आईला सांगितलं, असं होत नाही. समीरा कोहली खटल्यात बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भपिशवी काढली होती. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली ती संमती मानली नाही. इथं तर सही बहुतेक मुलाचीच असते.

पुढच्या बैठकीला सासूचा केसपेपर आणा. सासूलाही आणा.