शाळेतल्या पोरांच्या हाती पाण्याचं माप द्या
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज बोलायचं आहे ते शाळेतल्या पोरांविषयी आणि पाण्याविषयी. तुम्ही म्हणाल, पोरांना पाणी वाचवायला शिकवणं हे गुरुजींचं काम, शेतीच्या कार्यक्रमात ते कशाला? कारण असं, की गावचं बहुतेक पाणी शेतातच खर्च होतं. शाळेत शिकलेला धडा संध्याकाळी घरी येतो आणि तुमच्या मोटारीच्या पेटीपाशी येऊन थांबतो. तिथं त्याचं काय होतं, हे तुमच्या हातात आहे.

पर्यावरण हा विषय सगळ्या शाळांत शिकवावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं. आपल्या राज्यात नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हे पुस्तक पुण्याच्या बालभारतीनं काढलं. म्हणजे पुस्तकाची उणीव नाही. घोषणांची तर नाहीच. प्रभातफेरी निघते, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ असं भिंतीवर रंगवलं जातं, आणि त्याच भिंतीखालचा नळ दिवसभर ठिबकत राहतो. त्या नळाखाली एक बादली ठेवा न् दुसऱ्या दिवशी पोरांकडून मोजून घ्या. सेकंदाला एक थेंब पडत असला तरी दिवसाकाठी वीस लिटरच्या आसपास पाणी भरतं. दहा घोषणांनी होत नाही ते काम ही एक बादली करते. माझं सांगणं एवढंच, की पोरांना पाण्याचं माप घ्यायला शिकवा.

सुरुवात पावसापासून करावी. हवामान खात्याचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालयही तिथंच. महसूल मंडळात पाऊस मोजायचं यंत्रही बसलेलं असतं. पण वळवाचा पाऊस कसा येतो ते तुम्ही जाणता. एका शिवारात धो धो कोसळतो आणि ओढ्यापलीकडे धूळसुद्धा बसत नाही. तुमच्या शाळेच्या अंगणात किती पडला, हे तुमच्या पोरांशिवाय दुसरं कोण सांगणार?

त्याला खर्च नाही. तळ सपाट आणि बाजू सरळ उभ्या असलेला एक डबा घ्यावा. झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर, कलंडणार नाही असा पक्का बसवावा. हवामान खातं सकाळी साडेआठला माप घेतं, तीच वेळ पाळावी. डब्यात फूटपट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर चढलं ते बघायचं, वहीत तारखेसह लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ उंचसखल असतो, तिच्यात माप चुकतं. पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहायचं, ते विसरू नये.

आता या मापाचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि इंदापूर-दौंडकडे पडतो तसा वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर ५० हजार लिटर पाणी येतं. उडून, सांडून गेलेलं वजा केलं तरी ४० हजार लिटर हाती लागावं. शंभर पोरांच्या शाळेत माणशी दोन लिटर पिण्याला धरले, तर हे पाणी दोनशे दिवस पुरतं. एवढी मोठी टाकी परवडणार नाही, हे कबूल. पण निम्मं साठवता आलं तरी उन्हाळ्यात पोरींना घरून कळशी आणायला सांगावं लागणार नाही. आणि सांगायचंच झालं तर पोरींनाच का, पोरांनाही सांगा! पहिल्या पावसाचं पाणी मात्र टाकीत घेऊ नये, त्यात छपराची घाण असते. पिण्याआधी पाणी शुद्ध करून घ्यावं. सांडपाणी परसबागेला सोडावं, नाहीतर शोषखड्ड्यात जिरवावं.

पावसानंतर विहीर. दोरीला दगड बांधून, हाताहातावर गाठी मारून विहिरीतलं पाणी मोजता येतं. मोटार सुरू करण्याआधी, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला माप घ्यावं. मात्र पोरांना एकटं विहिरीवर पाठवू नका. थोरलं माणूस सोबत हवं आणि माप त्यानंच घ्यावं, पोरांनी लांबून लिहावं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हे गणित सातवीचं पोर करतं.

आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. पोराला समजतं, की एक एकर उसाला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ८० लाख लिटर. रब्बी ज्वारीचं काम याच्या चौथाई-पाचव्या हिश्शात भागतं. मग एखाद्या संध्याकाळी ते विचारतं, “आबा, आपली विहीर गेल्या दिवाळीपेक्षा एक परस खाली आहे. मग आणखी एक एकर ऊस कसा लावायचा?” या प्रश्नावर “तुला काय कळतंय, गप बस” असं म्हटलं, की वर्षभराचं शिक्षण त्या एका वाक्यात वाया गेलं. उसाचे पैसे हमखास येतात, कर्ज त्यावरच फिटतं, ही तुमची बाजूही खरी आहे. तीही पोराला सांगा. पण आकडा त्याच्यासमोर मांडून सांगा. ठिबकवर किती पाणी वाचेल, अर्धा एकर कमी केला तर काय होईल, हे दोघांनी बसून करावं.

असा हिशेब आपल्याच जिल्ह्यात गावानं मिळून केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही त्यात वाटा. ऊस घ्यायचा नाही. शाळेत भागाकार शिकवताना गुरुजींनी आंबे वाटण्याऐवजी हेच पाणी वाटायला सांगावं. पाच माणसांचं घर, दहा माणसांचं घर, जमीन नसलेलं घर, प्रत्येकाला किती? पोरं त्यावर भांडतील. भांडू द्या, मोठी माणसंही त्यावरून भांडली होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हांला ठाऊक असेल. तिथं पावसाचं माप ग्रामसभेत मांडतात आणि पाणी कमी असलं तर पिकं त्या बेतानं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे.

पुणे शहरातल्या शाळांनीही हा धडा अर्धाच शिकवू नये, असं मला वाटतं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी. शहर त्यातलंच पितं आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या कालव्यालाही तेच येतं. शहराचं वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याला उचलतात आणि जुन्या कालव्यातून शेतीला सोडतात. म्हणजे पुण्यातल्या मोरीत जे ओतलं जातं त्याचा संबंध खालच्या शेताशी आहे. शहरातल्या पोरांची सहल एकदा कालव्याच्या शेपटाला न्यावी. पाण्याची पाळी किती दिवसांनी येते, हे त्यांनी तिथल्या पोरांनाच विचारावं.

तुमच्या शाळेत हे सुरू करायचं असेल तर डबा मृगाच्या आधी बसवा. विहिरीचं पहिलं माप मे महिन्यात घ्या, म्हणजे तळ कुठं आहे ते कळेल. दुसरं माप पाऊस संपल्यावर, रब्बीची पेरणी ठरण्याआधी घ्या. दोन्ही आकडे आणि एकूण पाऊस शाळेच्या फळ्यावर न ठेवता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. ग्रामसभेत ते पोरांनाच वाचू द्या, आणि सरपंचांनी पेरणीचा विषय त्यानंतरच काढावा.