हलका भार, पुरेसा ताण

जुनी मोटार घ्यावी, तिचे अनावश्यक वजन उतरवावे, इंजिनाची शक्ती वाढवावी आणि ती भरधाव पळवावी, हा छंद अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वाढला. अशा गाडीस 'हॉट रॉड' म्हणतात. या हौशी मंडळींचे लाडके इंजिन म्हणजे फोर्डने १९३२ साली बाजारात आणलेले आठ सिलिंडरांचे व्ही-८. २२१ घनइंचांचे आणि मूळचे अवघ्या ६५ अश्वशक्तीचे.

या इंजिनाचा वेग वाढवू पाहणाऱ्यास प्रथम सुचते ती अधिक ताठ स्प्रिंग. हा विचार अर्धाच खरा आहे.

व्हॉल्व्ह उघडतो तो कॅममुळे. त्याला परत बसविण्याचे काम स्प्रिंगचे. इंजिनाचे मिनिटाला ५,००० फेरे होत असता प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ४१हून अधिक वेळा उघडतो व मिटतो. हलणाऱ्या भागांना आवरण्यास लागणारा जोर त्यांच्या वजनाच्या प्रमाणात वाढतोच. पण वेगाच्या बाबतीत तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे ४,००० वरून ५,००० झाले, तर वेग सव्वापट होतो, जोर मात्र दीडपटीहून अधिक लागतो. स्प्रिंग अपुरी पडली की टॅपेट कॅमचा स्पर्श सोडतो, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि इंजिनाची शक्ती खचते. उलट, स्प्रिंग फाजील ताठ असेल, तर कॅम व टॅपेट एकमेकांवर घासून अकाली झिजतात.

म्हणून आधी भार उतरवावा. या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या बाजूस, ठोकळ्यातच असतात. लांब दांडे व तरफा यांचे ओझे मुळातच नाही. टॅपेट, व्हॉल्व्ह, स्प्रिंग धरणारी चकती आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग, एवढेच काय ते हलते. तेथे पोकळ, हलके टॅपेट लगेच गुण दाखवितात. मूळ टॅपेटांत फट जुळविण्याची सोय नव्हती. व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक घासावे लागे. स्क्रूचे टॅपेट सोयीचे खरे, परंतु घेण्यापूर्वी ते तराजूत घालून पाहावेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा मात्र हलकेपणाच्या लोभाने बारीक करू नये. तो सतत तापलेला असतो आणि तुटला तर इंजिनाचा घात करतो.

मग स्प्रिंगची निवड. पूर्वीचे हौशी लोक लिंकन-झेफर गाडीच्या ताठ स्प्रिंगा पसंत करीत. कोणतीही घ्या, पण व्हॉल्व्ह मिटलेला असताना आणि पूर्ण उघडलेला असताना तिचा दाब किती भरतो, हे मोजा. पूर्ण दबलेल्या स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांस टेकता कामा नयेत. सोळाही व्हॉल्व्हांवर स्प्रिंगची उंची सारखी ठेवा.

गाडी रोजच्या रस्त्यावर मध्यम वेगानेच चालवायची असेल, तर सुस्थितीतील मूळ धाटणीच्या स्प्रिंगा पुरतात. इंजिन किती फेऱ्यांपर्यंत न्यायचे हे आधी ठरवावे, खरेदी त्यानंतर.